मागच्या चाकांचा व्हॉल्व्ह

नामाजीकाकांचा ट्रक जुन्या घडणीचा आहे. पुढे लांब बोनेट, मागे लाकडी हौदा. वारंगा फाट्यावर असा दुसरा उरला नाही. चहाच्या टपरीवरचे लोक विचारायचे, "काय नामाजी, म्हातारी चालून राहिली का अजून?" काका म्हणायचे, "तुमच्या आधी न्हाई मरत."

या ट्रकमधून त्यांनी जन्मभर हळद वाहिली. क्लीनर ठेवला नाही. पाना दुसऱ्याच्या हाती दिला नाही. गाडीचं दुखणं तिच्या मालकानंच काढायचं, असं ते मानत.

हरिचंद त्यांचा एकुलता एक मुलगा आणि माझा मित्र. तीन वर्षांपूर्वी वसमतला हळद उतरवून तो काकांऐवजी रिकामा ट्रक घेऊन परत येत होता. रस्त्यात म्हशी आल्या. त्यानं ब्रेक दाबला. ट्रक गर्रकन आडवा फिरला आणि कडेच्या लिंबाच्या झाडावर आदळला. हरिचंद जागीच गेला.

त्याच्या छोट्या मुलीला, आरोहीला, ताप होता. लवकर या, असं त्याच्या बायकोनं, अंजलीवहिनींनी, त्याला निघताना फोनवर सांगितलं होतं. काकांनी तेवढंच धरलं. तेराव्याला, सगळ्या भावकीसमोर, ते सुनेला म्हणाले, "तुझ्या फोननं माझं लेकरू खाल्लं."

वहिनी आरोहीला घेऊन हट्टा गावी, माहेरी गेल्या. त्यांना आणायला कुणी गेलं नाही.

ट्रक मात्र काकांनी स्वतःच ठोकून सरळ केला. विकून टाका म्हणणाऱ्यांना ते विचारत, "गाडीचा काय गुन्हा?"

या जानेवारीत ट्रकच्या मागच्या बाजूनं ब्रेक ऑइल गळायला लागलं. काकांना आता गाडीखाली शिरता येत नाही. नाइलाजानं त्यांनी ती धर्मसिंगकडे लावली. धर्मसिंगनं फाट्यावर नुकतंच गॅरेज टाकलं होतं. मागच्या चाकांच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह गेला आहे, आणि या गाडीला नवा मिळत नाही, असं त्यानं सांगितलं. मी नांदेडला शिकवण्या घेतो. तिथल्या भंगाराच्या दुकानांतून हिंडून एक शोधला आणि फाट्यावर घेऊन आलो.

धर्मसिंग ट्रकखाली गेला. मी मोबाईलचा उजेड धरला. थोड्या वेळानं खालून त्याचा आवाज आला, "चाचा, ही तार कुणी बांधली?"

त्या व्हॉल्व्हला एक दांडी असते. मागच्या आसाशी जोडलेली. माल भरला की गाडी दबते, दांडी वर जाते आणि मागच्या चाकांना ब्रेक जास्त लागतो. गाडी रिकामी असली की दांडी खाली राहते, ब्रेक कमी लागतो. इथे दांडी तारेनं वरच आवळून टाकली होती. तार गंजून काळी पडली होती.

"म्या बांधली," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात ऐट होती. "हरिचंद शाळेत होता तव्हा. हळदीच्या लोडला ब्रेक कमी पडायचा. तार बांधली, बराबर लागायला लागला. तव्हा सगळेच बांधायचे."

"लोडला ठीक. रिकाम्या गाडीला?"

"रिकामी असली की मी जोरात दाबतच न्हाई. पायाला सवय हाय."

धर्मसिंग बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "तुमच्या पायाला आहे. दुसऱ्यानं दाबला तर मागची चाकं जाम होणार. गाडी फिरणारच."

तो सहज बोलला. हरिचंदचं त्याला काही माहीत नव्हतं.

काका माझ्याकडे बघत राहिले. मी मोबाईलचा उजेड बंद केला.

व्हॉल्व्ह बसला. धर्मसिंगनं रिकामा ट्रक पळवून ब्रेक दाबून दाखवला. ट्रक सरळ थांबला. तो खूश होऊन हात हलवत होता. काका रस्त्याच्या कडेला मातीत बसले होते.

"हट्ट्याला चल," ते म्हणाले.

ट्रक तिथेच सोडून आम्ही जीपनं निघालो. वसमतला जीप बदलली.

वहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी पदर सावरला, पाणी आणलं. काकांनी तांब्या घेतला नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दांडी, तार, रिकामी गाडी, आपल्या पायाची सवय. ही गोष्ट हरिचंदला कधी सांगितली नव्हती, तेही सांगितलं. मग म्हणाले, "पोरी, तुझा काही गुन्हा नव्हता. घरी चल."

वहिनींनी सूप खाली ठेवलं.

"मामा, तुमचं तेराव्याचं बोलणं मी खरं धरलं," त्या म्हणाल्या. "आरोहीला ताप आला की मी तिलाच मारते. तुझ्यापायी बाप गेला, म्हणते."

आरोही दारात उभी होती. काकांनी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. तिनं झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकलं.