सुर्ल्याचं स्थळ: राहतं घर, लेखा विभाग

गोव्याला जातोय म्हटल्यावर गल्लीतल्या तिघींनी काजू आणायला सांगितले आणि एकीच्या नवऱ्याने उगाचच डोळा मिचकावला. आम्ही चाललो होतो मुलाचं घर बघायला. माझी भाची सायली गडहिंग्लजला एका लॅबमध्ये कामाला आहे. मुलगा प्रसाद, मूळचा सावंतवाडीकडचा, डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत फिटर. चार महिने फोनवर बोलून दोघांनी आपसात ठरवून टाकलेलं. अडलं होतं ते तिच्या बापाशी, म्हणजे माझ्या दादाशी. आधीची दोन स्थळं त्याने घर बघून मोडली होती. एकाचा जिना अरुंद, दुसऱ्याच्या न्हाणीत उजेड नाही. आता हे तिसरं, आणि सायलीचा जीव टांगणीला लागलेला.

पहाटे पाचला निघालो. गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी. आंबोलीचा घाट उजाडायच्या सुमाराला उतरा, पण गाडी हळू हाका. धुक्यात समोरची एस्टी एकदम नाकाशीच येते. बांद्यावरून दोडामार्गमार्गे डिचोली जवळ पडते, पण दादाला हायवे हवा होता, म्हणून पत्रादेवीवरून पेडण्यात शिरलो. त्यात एक फायदा झाला. पेडण्याच्या बाजारात एका कळकट हॉटेलात पातळ भाजी-पाव खाल्ला, वर मिरचीची भजी. चौघांत मिळून दोनशेच्या आत. चौघं म्हणजे मी, सायली आणि दोनदा दादा. तो दोघांचं खातो. पेट्रोल इकडेच भरा, आपल्यापेक्षा स्वस्त मिळतं.

हॉटेलवाल्याला मी विचारलं, इथं भाड्याने घर मिळतं का? तो हसलाच. "दिसाक मेळटा, म्हयन्याक मेळना," म्हणाला. त्याचं म्हणणं असं, की खोल्या आहेत, पण त्या पाहुण्यांसाठी, दिवसाच्या हिशोबाने. कारखान्यात राबणाऱ्यांनी राहायचं कुठं, ते कोणी सांगत नाही. दादाने भजी तोंडात ठेवून माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच गोव्यातली घरं लपवून ठेवली आहेत.

डिचोली, मग साखळी. तिथून सुर्ल्याच्या रस्त्याला लागलो की कडेची माती लाल होत जाते आणि झाडांच्या पानांवरही तीच बसलेली दिसते. प्रसादने 'खाणीच्या कंपनीची बिल्डिंग' एवढंच सांगितलं होतं. दादाच्या डोळ्यांपुढे कौलारू क्वार्टर्स, पुढे अंगण, पेरूचं झाड वगैरे. प्रत्यक्षात समोर आलं ते काचेच्या दाराचं, चक्क दुमजली ऑफिस.

"पत्ता चुकला," दादा म्हणाला.

"नाही बाबा," सायली खिडकीबाहेर बघत म्हणाली. पोरीला सगळं ठाऊक होतं.

झालं होतं असं. खाण थांबली, साहेब गेले, कारकून गेले, ऑफिस कित्येक वर्षं कुलपात पडून राहिलं. शेवटी मालकाने तळमजल्याची चार घरं केली, पंचायतीकडून घर नंबर घेतले आणि विकायला काढली. प्रसादने लेखा विभाग घेतला. दारावरची पितळी पाटी त्याने काढली नव्हती. म्हणे पोस्टमनला बरं पडतं. शेजारच्या 'भांडार' घरातून फोडणीचा वास येत होता आणि 'आवक-जावक'च्या दाराला तोरण होतं.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "शालन, मी चौतीस वर्षं ऑफिसातून घरी पळायला बघत होतो. आणि माझी पोर ऑफिसात नांदणार?"

प्रसादची आई लगबगीने बाहेर आली. बारीक चणीची, हसरी बाई. "येवा, येवा, दमलास मां? पाणी हाडतंय," म्हणाली आणि आत गेली. पाणी मात्र दारातून आलं नाही. स्वयंपाकघर होतं ते पूर्वी ट्रकवाल्यांना चिठ्ठ्या द्यायच्या खोलीत, आणि मधे काच, काचेला खाली अर्धगोल भोक. माऊलीने त्यातून तांबे सरकवले. सवयीने दादा रांगेत उभा राहिल्यासारखा वाकला आणि हात आत घालून बसला.

जेवण त्याच भोकातून आलं. वाट्या आल्या, ताटं अडकली. मग प्रसाद फिरून जाऊन ताटं घेऊन आला. बांगड्याचं तिखलं, उकडा भात, सोलकडी, शेवटी खोबऱ्याची वडी. हात धुवायला गेलो तर ओळीने तीन बेसिनं, वर लांबलचक आरसा. आम्ही तिघांनी एकाच वेळी चुळा भरल्या. घराचे कागद मात्र चोख होते. दादाने एकेक उलटून पाहिला, पण चूक काही सापडली नाही, त्यामुळे तो जास्तच चिडला.

घर बघून झालं की मुलीकडच्यांनी बाजूला जाऊन बोलायचं, ही रीत. प्रसादने किल्ली आणली आणि आम्हाला शेजारच्या न विकलेल्या घरात बसवलं. तिथं अजून कोणी राहायला आलेलं नव्हतं. पूर्वीचा सभाकक्ष, भलंमोठं टेबल, खुर्च्या. दादा बरोबर मधल्या खुर्चीत, साहेबाच्या जागी बसला आणि बोटांवर मोजत सुरू झाला.

"एक, उंबरा नाही. माप ओलांडायचं कुठं? त्या दाराला स्प्रिंग आहे, माप ठेवलं की दार येऊन आपटणार. दोन, वर छत नाही, नुसते पांढरे चौकोन. तीन, वाढायचं भोकातून. सून आहे का एस्टीचं तिकीट काढायला आलेली बाई?"

मीही गप्प बसायला हवं होतं. पण तोंड आहे म्हटल्यावर. "सोलकडी खारट होती," मी म्हणाले.

"बघ. आणि चौथं, दोनच खोल्या. हे दोघं एका खोलीत, मग सासूने झोपायचं कुठं? त्या काचेमागे?"

सायली टेबलाच्या टोकाला बसली होती. ती म्हणाली, "बाबा, गेल्या वेळी जिना होता. त्याच्या आधी न्हाणी. तुम्हाला मी कुठल्याच घरात नकोय. मला प्रसाद हवाय." दादाने पाचवं बोट धरलं. मला वाटलं, गेलं हेही स्थळ.

तेवढ्यात डोक्यावरून बाईचा आवाज आला. हळू, पण अगदी स्वच्छ.

"खरां बोलतत ते. मी वाडीक जातंय भावाकडे. तुमी दोगां हय रवा."

"आई, तू खंय जाव नको," प्रसादचा आवाज. "धा वर्सां तू लोकांच्या खोल्यांनी काढलंस. ह्यां घर मी तुझ्यासाठी घेतलंय."

"गप रव. तिका नवरो होयो, सासू नको. त्येंका आताच सांगू नको, जेवण जिरांदे."

आम्ही तिघांनी वर बघितलं. दादाने खुर्चीवर चढून एक पांढरा चौकोन बोटाने उचलला. मधली भिंत त्या चौकोनांपर्यंतच होती. वर नुसती पोकळी, या खोलीतून त्या खोलीपर्यंत. ते आपल्याला ऐकू येतात म्हणजे आपण त्यांना ऐकू गेलो, हे मला जरा उशिरा कळलं, आणि पहिली आठवली ती सोलकडी. असं वाटलं, भुईने पोटात घ्यावं. पण तिथं फरशी होती.

दादा खुर्चीवरच उभा. चेहरा लाल. चौतीस वर्षांत साहेबासमोरही तो एवढा अवघडला नसेल. त्याने घसा खाकरला आणि त्या भोकात तोंड घालून म्हणाला, "विहीणबाई."

सायलीने माझा हात घट्ट धरला. शब्द दिल्याशिवाय ही हाक तोंडातून निघत नाही.

"विहीणबाई, कुठं जायचं नाही. बाहेरची खोली मी मोजलीय, मधे एक पार्टिशन बसतंय. वरपर्यंत बसवा म्हणजे झालं. बोललो ते मनावर घेऊ नका. मी चुकलो."

मग वरून उत्तर आलं, "सोलकडीत मीठ ज्यास्त पडलां, माका तेव्हाच कळलां होतां."

दादा इतका हसला की खुर्चीवरून त्याला मी आणि सायलीने उतरवला. पलीकडे प्रसाद रडत होता की हसत होता, ते मात्र छतातून नीट कळलं नाही.

मुक्काम साखळीला केला. साधा लॉज, खोली स्वच्छ, पंखा आवाज करणारा. सकाळी हरवळेचा धबधबा आणि गुंफा बघितल्या. उन्हाच्या आत जा आणि चप्पल घसरणारी नको. येताना दोडामार्गवरून आलो, रस्ता वळणाचा पण गर्दी नाही. काजू घेतले, गल्लीला पुरतील एवढे.

लोक विचारतात, ऑफिसात संसार होतो का? मला विचाराल तर होतो. रिकामी ऑफिसं आहेत, माणसांना घरं नाहीत, मग अडलंय कुठं? फक्त घेताना भिंत वरपर्यंत आहे का ते खुर्चीवर चढून बघा. आम्ही लाज घालवून शिकलो, तुम्ही फुकट शिका.

परवा संध्याकाळी दादाकडे गेले होते. लग्न मार्गशीर्षात धरलंय. सायली आतल्या खोलीत दार लावून फोनवर बोलत होती, आणि दादा पेपर मांडीवर घेऊन भिंतीला डोकं टेकून बसला होता. मी म्हटलं, "चोरून ऐकतोस होय रे?"

"काय ऐकू येतंय डोंबल," तो म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याने भिंती दीड फुटाच्या बांधल्यात. ती आत हसतीय का नाही, एवढंच बघत होतो. पुढच्या साली त्या खोलीत कोण नसणार, शालन."

मी त्याच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघांनी भिंतीला कान लावला.