मास्तरांचा कुलूपबंद आवाज

संगणकात ठेवलेला आवाज कधी मरत नाही. हे वाक्य माझं नाही. आमच्या वाचनालयातल्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे तसं म्हणाले होते, आणि लगेच त्यांचा माइक बंद पडला होता.

सास्तूरच्या बाजूला आमचं गाव. भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं. वाचनालय सांभाळणाऱ्या निवृत्त मास्तरांनी जुन्या गावच्या गल्ल्या, कुणाच्या दारात कोणतं झाड होतं, असं सगळं संगणकात बोलून ठेवलं. त्या फाइलला कुलूप असं घातलं, की ऐकता कुणालाही यावं, बदलता मात्र येऊ नये. दुसरी प्रत ठेवली नाही. मास्तर वारल्यावर त्यांच्या बायको, आमच्या काकू, रोज दुपारी येऊन ऐकत बसायच्या. घरात मास्तरांच्या आवाजाचं दुसरं काही नव्हतं.

वर्षश्राद्धाला मास्तरांच्या स्मरणार्थ वाचनालयाला प्रिंटर मिळाला. फोटोबरोबर हार त्यालाही घातला. दुसऱ्या दिवशी काकूंनी हेडफोन लावला, तर काहीच ऐकू येईना.

फाइल जागेवर होती. पण तिच्यात बदल झाल्याची वेळ त्याच सकाळची होती, आणि पासवर्ड तर एकट्या मास्तरांना ठाऊक होता. पुढच्या सकाळीही तसंच. वाचनालयात येणारे दारातूनच संगणकापुढच्या मास्तरांच्या खुर्चीकडे बघून परत जाऊ लागले. माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तरी रोज वाचनालय उघडून त्या खुर्चीत मी बसत नव्हतो.

"आज आलते का रं हे?" काकू विचारायच्या.

"वेळ तर बदललीय, काकू."

"मग बोलत का न्हाईत? जित्तेपणी गप बसा म्हणलं तरी बसत नव्हते."

शेवटी उभ्यानंच मी संगणक धुंडाळला. भूकंपापासून मास्तरांची एक सवय होती: महत्त्वाची वस्तू दाराजवळ ठेवायची, पळताना हाताला लागावी म्हणून. घरी उंबऱ्यालगत पत्र्याची पेटी असे, तिच्यावर खडूनं १ लिहिलेलं. आधी ती उचलायची. संगणकातही त्यांनी तेच केलं होतं. सगळ्यांना मोकळ्या असलेल्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये आवाजाच्या फाइलकडे नेणारी एक वाट, म्हणजे शॉर्टकट, करून ठेवली होती. नाव, १.

प्रिंटरची वायर जोडली आणि संगणकातला छपाईचा प्रोग्राम जागा झाला. तो रोज सुरू होताना त्याच फोल्डरमध्ये, १ याच नावाखाली, आपला निरोप लिहायचा. त्याला सगळीकडे लिहायची मुभा, आणि ही वाट कुठं जाते हे जुनी प्रणाली विचारत नव्हती. तो सरळ कुलपाच्या आत जाऊन आवाजावर लिहून आला. नव्या प्रणालींत ही फट बुजवलीय म्हणे. आमचा संगणक एका कचेरीनं टाकून दिलेला होता.

काकूंना सांगितलं. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"म्हंजे हे येत न्हाईत?"

"नाही, काकू."

"मग त्यांच्या जागी काय लिवलंय, ते तरी वाच."

एकच ओळ होती. मी वाचली.

प्रिंटरमध्ये कागद नाही.