कावळा शिवण्याआधी

गौरी-गणपती गेले त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या बागेत दोन कुत्री मेली. पहिली म्हणजे वॉचमनच्या केबिनमागे राहणारी पिवळी भटकी कुत्री. दुसरा एका बाईंचा सांभाळलेला लॅब्राडोर. त्यानं सकाळी झोपाळ्यांजवळ काहीतरी हुंगून गिळलं आणि तो घराच्या जिन्यापर्यंतही पोचला नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी विषाची शंका बोलून दाखवली, पण खात्रीनं काही सांगितलं नाही. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला. फाटकावर कुणीतरी 'कुत्री सांभाळा' असा कागद चिकटवला, तो दुसऱ्याच दिवशी पावसानं खाली आला.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. आमचा कुत्रा मूळचा घोटीचा. यजमानांची बदली तिकडे होती तेव्हा भाताच्या गिरणीच्या आवारात, कोंड्याच्या ढिगावर तो त्यांना सापडला. सांडलेलं वेचून जगलेला जीव. आठ वर्षं आमच्याकडे ताटलीत जेवतोय, पण जमिनीवर पडलेलं ते सगळं आपलंच, ही त्याची समजूत काही गेली नाही. त्यानं साबणाची वडी खाल्ली आहे, नारळाची शेंडी खाल्ली आहे, एका सत्कारात मला मिळालेला हारही खाल्ला आहे. नावाला तो ओ देत नाही, डब्याचं झाकण वाजलं की मात्र तिसऱ्या खोलीतून येतो. अशा प्राण्याला विषापासून वाचवायचं म्हणजे त्याला हवेत धरूनच फिरवायला हवं.

मी त्याच्या तोंडाला जाळी आणली. ती घातल्यावर तो असा काही खाली मान घालून चालायचा की बघणाऱ्याला वाटावं, मी त्याला कोर्टात हजर करायला नेते आहे. त्यात लोकांची समजूत अशी झाली की हा चावतो. बायका मुलांना मागे ओढायला लागल्या. जाळीनंही माझं समाधान होईना, कारण पट्टा सैल झाला तर काय, हा विचार डोक्यातून जात नव्हता. मग रोज सकाळी त्याला बाहेर काढण्याआधी मी एकटीच स्वयंपाकघरातली सांडशी आणि पावाची रिकामी पिशवी घेऊन बागेत जायला लागले. बाकांखाली, मेंदीच्या कुंपणाशी, जे खाण्यासारखं दिसेल ते उचलायचं आणि घंटागाडीत टाकायचं. यजमान म्हणाले, "महापालिकेला कळव, निदान टोपी तरी देतील." मला हसू आलं नाही.

चौथ्या सकाळी बाकाखाली एक कणकेचा गोळा मिळाला. लिंबाएवढा, वरून तेलकट, त्यावर बोटांचे वळ. मी तो नाकाजवळ नेला. वास ओळखीचा होता.

माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागेचं. औषधांच्या वासातच मी वाढले. बागेत उंदीर फार झाले की वडील गोळे घालायचे. कणीक आणि गूळ मी मळून द्यायचे, पुढचं वडील करायचे, हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधून. गूळ कशाला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "गोडाला कुणी नाही म्हणत नाही." तो गोळा मी तीन पिशव्यांत गुंडाळून डॉक्टरांकडे दिला. पुढे त्याचं काय झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारायला गेले नाही, कारण माझ्यापुरता निकाल लागला होता. हे कुणीतरी मुद्दाम करतंय आणि ते कुणीतरी आपल्यातलंच आहे. बागेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या हाताकडे मी बघायला लागले.

आणि नेमका पितृपक्ष लागला.

इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं की या पंधरवड्यात आमच्या बागेत केवढं अन्न जमिनीवर असतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसानं कावळ्यासाठी घास ठेवायचा कुठे? गच्चीला कुलूप, खिडक्यांना जाळ्या. म्हणून सगळे बागेत येतात. कट्ट्यावर, झाडांच्या बुंध्याशी, घसरगुंडीच्या पायरीवरसुद्धा पानं मांडलेली. भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. लोक पान ठेवतात, हात जोडतात आणि ऑफिसला उशीर होतो म्हणून निघून जातात. माझ्या कुत्र्याला तर वाटलं असेल की अख्खं नाशिक त्याच्यासाठी जेवण घालतंय. मला मात्र एकेका पानात मरण दिसत होतं.

मी उचलत सुटले. सकाळची फेरी होतीच, आता दुपारचीही सुरू केली. दोघीतिघी भांडल्या. एकीनं सुनावलं, "आमच्या सासऱ्यांचा घास आहे तो, कचरा नाही." मी म्हटलं, कुत्री मेलीत. ती म्हणाली, "मग कुत्रं घरात ठेवा." तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. पण मी ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

अविधवा नवमीच्या दिवशी दुपारी मी कुत्र्याला घेऊनच बागेत गेले. उजेडात सगळं नीट दिसतं, म्हणून हल्ली त्याला दुपारीच बाहेर काढत होते. कोपऱ्यातल्या कडुनिंबाखाली एक आजोबा पान मांडत होते. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. बाकावर पेपर वाचताना दिसायचे, तेवढीच ओळख. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांची बायको चार वर्षांपूर्वी गेली, एवढं ऐकून माहीत होतं. पत्रावळीवर भात होता, वरण होतं, भोकं वाकडीतिकडी झालेले वडे होते. हे सगळं त्या माणसानं स्वतः केलंय हे वड्यांकडे बघूनच कळत होतं. आणि पानाच्या कडेला कणकेचे दोन गोळे. तेलकट, बोटांचे वळ असलेले.

"काका, हे गोळे कसले?"

"गाईसाठी केले होते," ते म्हणाले. "गाय मिळाली नाही. म्हटलं, राहू देत इथेच."

माझा आवाज चढला. बाकाखाली सापडला तोही गोळा तुमचाच का, असं मी विचारलं. उत्तराची वाट न बघता मी सांडशीनं दोन्ही गोळे उचलून पिशवीत टाकले आणि पानाला हात घातला.

"अहो ताई, अजून कावळा शिवला नाही," ते हळू म्हणाले.

"आणि कावळाच मेला तर, काका?"

गवत काढत बसलेला माळी उठून आला. "मॅडम, बाबा तसा माणूस नाय," तो म्हणाला. "ती आजी इथंच बसायची ना, म्हणून ते दरसाल इथंच पान ठेवतात." मी त्याच्याकडेही संशयानं बघितलं.

काकांनी हात पुढे केला. मी पिशवी का दिली ते मला सांगता येणार नाही. त्यांनी त्यातला एक गोळा काढला, मोडला, अर्धा तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. पितरांच्या पानातलं, कावळा शिवायच्या आधी, माझ्यासमोर उभं राहून.

"गूळ जरा जास्त झालाय," ते म्हणाले. "ती असती तर बोलली असती."

मग उरलेला अर्धा माझ्या कुत्र्याकडे दाखवून म्हणाले, "आता हे उष्टं झालं, कावळ्याला चालायचं नाही. कुत्र्याचाही वाटा असतोच या दिवसांत. काढा ती जाळी, द्या त्याला."

कुत्रा जाळीतून लाळ गाळत होता. माणसानं माझ्या डोळ्यांदेखत खाऊन दाखवलं होतं. माझा हात जाळीच्या पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मला ती काढता आली नाही. मग काकांनी तो अर्धा गोळा माझ्या हातावर ठेवला, पान उचललं आणि म्हणाले, "घरी भात आहे अजून. गच्चीची किल्ली मागून घेतो." त्यांचे गुडघे दुखतात. आमच्या इमारती पाच मजल्यांच्या आहेत आणि त्या दिवशी त्यांची लिफ्ट बंद होती, हे मला नंतर कळलं.

घरी आले तरी मला बसवेना. अर्धा गोळा ओट्यावर ठेवला आणि मी खिडकीत उभी राहिले. काका गच्चीवर दिसले. कठड्यावर पान ठेवून उन्हात बराच वेळ उभे होते. कावळा आला की नाही ते इथून दिसलं नाही. मग ते खाली गेले आणि मी त्यांच्या बाल्कनीकडे बघत बसले. तीन वाजले, चार वाजले. चहा केला, तो तसाच गार झाला. आपण कशाची वाट बघतोय, हे मला साडेचारच्या सुमारास कळलं. तो माणूस जिवंत राहतो का, हे मी बघत होते.

शेजारच्या मळ्यातला कुत्रा तेव्हा आठवला. मी दहा वर्षांची असेन. बांधावरचा गोळा खाऊन तो आमच्या विहिरीजवळ मरून पडला होता. वडिलांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, कुणी विचारलं तर साप चावला म्हणायचं. त्याचे मालक संध्याकाळी त्याला हाका मारत आले आणि मी म्हटलं, साप चावला. ते माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेले. त्या कणकेत गूळ मी घातला होता. मी खोटं बोलूनही लोकांनी ते खरं मानलं आणि इथं एक माणूस खरं बोलत होता, तर त्याला मी पितरांच्या पानातलं खायला लावलं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पाच वाजून गेल्यावर काका बाल्कनीत आले आणि वाळलेले कपडे काढायला लागले. एकेक चिमटा सावकाश काढत होते. शर्टाची घडी घातली, टॉवेल झटकला.

मी ओट्याजवळ गेले. डब्याचं झाकण न वाजवताच कुत्रा येऊन उभा राहिला होता. बागेतून आल्यापासून त्याची जाळी काढायची राहूनच गेली होती, ती काढली. गोळ्याचा एक तुकडा मोडून आधी मी तोंडात टाकला आणि चावला. गूळ खरंच जास्त झाला होता. मग उरलेला त्याच्यापुढे धरला.