आठवं भोक

बोटदुरुस्तीच्या यार्डात तिला सगळे बूचमावशी म्हणत. बोटीच्या तळाला भोकं असतात, सिंकचं पाणी बाहेर सोडायला, इंजिनासाठी गार पाणी आत घ्यायला. प्रत्येक भोकावर आतून एक व्हॉल्व बसवलेला असतो. तो तुटला की समुद्र थेट घरात. म्हणून मावशी प्रत्येक व्हॉल्वच्या मानेला सुतळीने एक निमुळतं लाकडी बूच बांधायची, वेळ आलीच तर भोकात ठोकायला. बूच बांधल्याशिवाय तीस वर्षांत तिने एकही बोट पाण्यात जाऊ दिली नव्हती. कुणी घाई केली तर म्हणायची, बुडायचंच असेल तर किनाऱ्यावरून उडी मारा, बोट कशाला वाया घालवता.

ती बुचं तिचा नवरा करून द्यायचा. तो बोटींच्या आतल्या कामाचा सुतार, आणि हाताला अशी सफाई की फळीला फळी कुठे भिडली ते नखाला कळू नये. स्वभाव मात्र मुलखाचा हट्टी. बायकोचं सगळं मान डोलावून ऐकायचा आणि आपल्या मनाचं करायचा. त्याला व्हॉल्व म्हणजे घाण दिसणारी वस्तू, झाकून टाकण्याची. हिला झाकलेलं काहीही सहन व्हायचं नाही. या एका भांडणावर त्यांचा संसार पस्तीस वर्षं सुखाने चालला. सहा वर्षांपूर्वी तो गेला. जन्मभर लोकांच्या बोटी सजवल्या, घरात मात्र एक खुर्ची धड नव्हती.

मग मुलीने शिडाची एक जुनी बोट घेतली, तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. बोट विकायला निघाली तेव्हा मुलगी सहज बघायला गेली होती. आतलं कपाट उघडलं, फळ्यांचे सांधे पाहिले, आणि वडिलांचा हात ओळखला. वीस वर्षांपूर्वी एका निवृत्त मास्तरांसाठी त्याने एकही खिळा न वापरता केलेलं ते कपाट. तिथेच सौदा झाला. आता ती आणि जावई त्या बोटीवर राहायलाच जाणार होती, आठ दिवसांनी.

ती आईकडे आली ती ताकाला जाऊन भांडं लपवत. जरा व्हॉल्व बघशील का, म्हणाली, अगदी वरवर.

वरवर बघणं मावशीच्या रक्तात नव्हतं. बोट टेकूंवर उभी होती. तिने खालून फिरून प्रत्येक भोकाभोवती खडूने गोल काढला. आठ. मग आत जाऊन दिवसभर एकेक व्हॉल्व उघडला, मिटला, तेल दिलं. दोन पितळेचे निघाले. चाकूने खरवडल्यावर आतून गुलाबी दिसले. खारं पाणी पितळेतलं जस्त खाऊन टाकतं, वरून शाबूत दिसतं आणि आत भुसा. तिने ते काढून काशाचे बसवले. आतले व्हॉल्व भरले सात.

आठवा कुठे असणार हे तिला कपाटाकडे न बघताच कळलं. मुलीलाही आधीपासून माहीत असावं, कारण ती कपाटासमोर जाऊन उभी राहिली.

जावयाने सुचवलं की बाहेरूनच भोक बुजवून टाकू. मावशी म्हणाली, जुनं काम आतून सोडवल्याशिवाय वर थापलेलं टिकत नाही, आणि मी न बघितलेल्या भोकावर माझी लेक झोपणार नाही.

"वीस वर्षं काही झालं नाही ना, आई?" मुलीचा आवाज चिरकला. "बाबांचं एवढंच आहे माझ्याकडे."

मावशीने कपाटाच्या दारावरून तळवा फिरवला. तिलाही ते कापायचं नव्हतं. नवऱ्याचं इतकं सुंदर काम तिने यापूर्वी नीट पाहिलंही नव्हतं, भांडत बसली होती.

"कपाट तुझ्याकडे राहायला आधी तू राहायला हवीस," ती म्हणाली, आणि तिने करवत मागितली.

पाठीची फळी कापून निघाली. मागे अंधारात व्हॉल्व होता. मावशीने त्याच्या दांड्याला बोट लावलं तर दांडा हातात आला. मानेवर हलकेच टिचकी मारली तर गुलाबी कपचा पडला.

आणि त्या मानेला सुतळीने एक बूच बांधलेलं होतं.

मावशी तिथेच खाली बसली. गाठ त्याचीच होती, दुहेरी, कधीही सुटू नये अशी. बायको म्हणते म्हणून त्याने बूच बांधलं होतं, आणि मग समोरून फळी घट्ट बसवली होती. हात जायला चार बोटांची फटसुद्धा ठेवली नव्हती. तिला राग आला, हसू आलं, आणि दोन्ही आवरेना तेव्हा ती रडली.

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात," ती नाक पुसत म्हणाली. "ह्यांची मेल्यावरही गेली नाही. ऐकायचं, पण अर्धंच."

मुलीने कापलेल्या फळीला बिजागऱ्या लावून दार केलं. काप थोडा वाकडा आला होता, तो तसाच ठेवला.

बोट पाण्यात उतरली त्या सकाळी मावशीने आठही व्हॉल्वखाली वर्तमानपत्राचा एकेक तुकडा पसरला आणि तासभर बसून राहिली. आठही कोरडे निघाले. कपाटामागे बसवलेल्या नव्या व्हॉल्वला तिने आदल्या दिवशीच नवं बूच बांधलं होतं. जुनं वाळून उभं चिरलं होतं, आणि चिरलेलं बूच बोटीवर ठेवायचं नाही हा तिचाच नियम होता. ते फेकून दे, तिने मुलीला सांगितलं.

मुलीने मान डोलावली आणि बूच खिशात टाकलं. मावशीने ते पाहिलं, आणि वर्तमानपत्राची घडी घालत बसली.