चौसाळ्याचा फॅमिली फोटो

सुनंदाची पत्र्याची ट्रंक ओट्यावर येऊन पडली होती. उमापूरहून तिचा भाऊ न्यायला निघाला होता. एकदा गेली की कायमची, असं तिच्या सासूबाईंनी ठरवलं होतं. तिची मुलगी अशी का जन्मली, याचं उत्तर मला भाऊ पोचायच्या आत हवं होतं. ते माझ्याकडे नव्हतं.

मी पुण्याच्या एका लॅबमध्ये जेनेटिक्सची डॉक्टर, तपासणीसाठी चौसाळ्याला त्यांच्या घरी आलेली. सुनंदाची मुलगी जन्मापासून बहिरी, डोळे निळेशार. नवरा महेश समोरच्याच दुकानात शाम्पूच्या पुड्यांखाली मान घालून बसलेला. त्याच्या गप्प बसण्याचा मला संताप येत होता.

माझा संशय पॅक्स-थ्री नावाच्या प्रोटीनवर होता. पॅक्स हे प्रोटीन्सचं एक कुटुंब. सगळ्यांत एकसारखा एक तुकडा असतो, त्याला डोमेन म्हणतात. तो डीएनएला नेमक्या जागी पकडून जीन चालू-बंद करतो. बाळ पोटात असताना पॅक्स-थ्रीच्या हुकमावर रंगपेशी केसांत, डोळ्यांत आणि आतल्या कानात पोचतात. ऐकायला कानालाही त्या लागतात. पकड बिघडली की एकाच घरात कुणी बहिरं होतं, कुणाची नुसती बट पांढरी राहते, कुणाचे केस लवकर पिकतात. आणि हे बापाकडूनही येतं.

म्हणून मी आधीच घरातल्या सगळ्यांचा फोटो मागवला होता. त्यांनी स्टुडिओत जाऊन काढून घेतला. पुरुष टोपीत, बायका डोक्यावरून पदर घेऊन. फोटोला बोडक्या डोक्याने कोण बसतं? केस एकाचेही दिसत नव्हते.

"आमच्यात असलं कुणालाच न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "हिनं ग्रहणात भाजी चिरली."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. डोळ्यांचे आतले कोपरे एकमेकांपासून लांब. नातीचेही तसेच. ही पॅक्स-थ्रीची खूण.

"पदर जरा मागे घेता?"

"कावून?"

"केस बघायचेत."

त्या हलल्या नाहीत. बाहेर सुनंदाच्या भावाची जीप थांबली. माझा धीर सुटत चालला होता.

"घे मागं, आई," महेश दारात येऊन म्हणाला. "मी बी कलप लावतो. विशीतच पिकलो मी."

पदर मागे गेला. कपाळावर मधोमध एक बट, मेंदीने लाल, मुळाशी पांढरीफेक.

"जन्मापासून हाय," त्या हळूच म्हणाल्या. "आईनं सांगितलंतं, सासरी पदर पडू देऊ नको." मग मुलाकडे बघून, "आता मलाबी माहेरी धाडतो का?"

सुनंदाने उठून ट्रंक आत नेली.

पुढे लॅबचा रिपोर्ट आला. बिघाड त्या डोमेनमध्येच होता, आजीकडून बापाकडे, बापाकडून लेकीकडे. मुलगी बीडला बहिऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ लागली.

तेव्हापासून फोटो मागवताना मी 'डोकं उघडं' असं ठळक लिहिते. तरी टोप्या येतातच.