आकडे जुळल्याशिवाय पेपर नाही

स्वतःच्याच संशोधनाचा वैरी असलेला प्राध्यापक अख्ख्या अमेरिकेत एकच असेल, आणि तोच नेमका गाइड म्हणून माझ्या वाट्याला आला! आमचे सर मूळचे नागपूरकडचे. शिकवायचे कॉम्प्युटर सायन्स, पण वर्गात लॅपटॉप उघडायला बंदी. मुलांना फळ्यासमोर उभं करून म्हणायचे, "तू मेमरी, तू प्रोसेसर. हं, चालवा आता प्रोग्रॅम!" एकदा मेमरी झालेला एक धिप्पाड मुलगा आपला आकडाच विसरला, तर सर टाळ्या पिटत ओरडले, "क्रॅश! क्रॅश!" सेमिस्टर संपताना कुणीतरी अभिप्राय दिला, 'फी भरून आम्हाला उभं का करतात?' तो सरांनी आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. काकूंनी कपाळाला हात लावला.

लॅबमध्ये त्यांचा एक नियम होता. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याने नुसता पेपर वाचून पहिल्यापासून करायचा, कोड मागायचा नाही, आणि आकडे जुळले तरच पेपर छापायला पाठवायचा. बाकीच्या लॅबमधून भज्यांसारखे घाण्यावर घाणे निघत होते; आमची कढई आपली नुसतीच तापत होती. त्यात सरांच्या टेन्यूरचं वर्ष आलं. टेन्यूर मिळालं तर नोकरी कायमची, नाही तर गाशा गुंडाळायचा. सगळी भिस्त माझ्या पेपरवर होती. नियमाप्रमाणे लॅबमधल्या मैत्रेयीने तो प्रयोग करून पाहिला, आणि तिचे आकडे किंचित कमी आले. खूप शोधलं, पण कारण सापडेना.

"सर, एवढं तर सगळेच चालवून घेतात," मी अगदी काकुळतीला आलो. "या वेळी तरी जाऊ द्या ना!"

"किंचितच फरक आहे ना? मग सापडेल की. शोधू या," ते म्हणाले, आणि मुदत गेली. असा संताप आला होता म्हणून सांगू!

टेन्यूर नाकारलं गेलं. काकू खूप रडल्या. सरांनी दूर चँडलर नावाच्या गावी एका चिप कंपनीत नोकरी धरली. पुढे मैत्रेयीला कारण सापडलं: आमच्या दोघांच्या मशीन वेगळ्या होत्या, बस्स! पेपर बरोबरच होता. सरांना कळवलं, तर केवढे खूश झाले! मला मात्र रडू आवरेना.

आता मीही शिकवतो. दुपारी मुलं शंका घेऊन माझ्या ऑफिसात येतात, नेमका तेव्हाच सरांचा फोन येतो. "मुलांची हरकत नसेल तर राहू दे चालू. मी नुसता ऐकतो," म्हणतात. परवा एक मुलगी फळ्यावर चुकत होती. मी सांगायला तोंड उघडलं, तर फोनमधून आवाज आला, "थांब रे, चुकू दे तिला!"

ती गेल्यावर मी विचारलं, "सर, तिकडे कसं चाललंय?"

"मस्त! मोठं ऑफिस आहे, माणसं चांगली आहेत." मग म्हणाले, "फक्त इथे मला कुणी काही विचारत नाही रे."

तेवढ्यात दाराशी आणखी एक मुलगा आला. मी त्याला खुणेनेच आत बोलावलं आणि फोन त्याच्याजवळ सरकवला.