चव घेतल्याशिवाय वाढायचं नाही

आचारी येणार नाही हे कळलं तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते, आणि साडेबाराला गावाची पंगत बसणार होती. परतूरच्या त्या आचाऱ्याच्या भावकीत पहाटे मयत झाली आणि त्याला सूतक लागलं. सुतकातला माणूस प्रसादाला हात लावत नाही, म्हणजे विषयच संपला.

गाव मंठा तालुक्यातलं. हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस. सात गावांना आवतण गेलेलं. बुंदी आदल्या दिवशी पाडून ठेवली होती, पोळ्या घराघरांतून येणार होत्या. पण हजारभर माणसांचं वरण, भात आणि वांग्याची भाजी कोण करणार? सप्ताह समितीचे प्रमुख भगवानराव मंदिराच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते.

मी तिथे वेगळ्याच कामाला गेले होते. शिक्षा संपवून घरी आलेल्या माणसांना गावात रुळायला मदत करायची, ही एका संस्थेतली माझी नोकरी. आमच्या भाषेत प्रत्येक माणूस म्हणजे एक ‘केस’. या गावातली माझी केस रामकिसन. बांधाच्या भांडणात त्याने कुऱ्हाड चालवली आणि सात वर्षं जेल भोगून दोन महिन्यांपूर्वी परत आला. बायको, सुमित्रा, सात वर्षं त्याच घरात नेटाने राहिलेली. पण गाव त्याच्याशी बोलत नव्हतं. पंगत उरकली की दुपारी बैठक बसणार होती, रामकिसनने गावात राहायचं की गाव सोडायचं हे ठरवायला. आणि कुऱ्हाड लागली होती ती याच भगवानरावांना. त्यांचा डावा हात तेव्हापासून कोपरात सरळ होत नाही.

रामकिसन जेलमध्ये शेवटची चार वर्षं स्वयंपाकघरात होता. आठशे माणसांचं जेवण, रोज दोन वेळा. हे मला माहीत होतं, गावाला नव्हतं. माझ्या अंगात एकदम वारं शिरलं. ऑफिसला फोन लावला.

“दोन माणसांना उलट्या झाल्या तरी नाव कुणाचं येईल, मॅडम?” साहेब म्हणाले. “आपण यात पडायचं नाही.”

“साहेब, आवाज तुटतोय,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

समितीपुढे मी रामकिसनचं नाव काढलं तसे सगळे भगवानरावांकडे बघायला लागले. ते मलाच म्हणाले, “पाव्हणे उपाशी गेले तर सात गावांत तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. कर म्हणा त्याला.”

त्यानंतरचे चार तास मी जन्मात विसरणार नाही. दोन महिने मान खाली घालून फिरणारा माणूस कढईपाशी उभा राहिला आणि त्याची मान वर आली. कुठल्या चुलीवर काय चढवायचं, किती पाणी, कुणी काय चिरायचं, भराभर सांगत सुटला. ज्यांनी त्याला बघून रस्ता बदलला होता ते पाण्याच्या घागरी घेऊन पळत होते. सुमित्रा बायकांच्या घोळक्यात वांगी चिरायला बसली, तिला कुणी उठवलं नाही. मीही पदर खोचून लसूण सोलला. बारा वाजता वाफाळता भात तयार होता आणि मला नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात रामकिसन वाटीत वरण घेऊन माझ्यापुढे उभा. “मॅडम, चव घ्या.”

मी दोन पावलं मागे सरले. नैवेद्याआधी चव घेतली तर सगळी कढई उष्टी. त्याला कसंबसं थांबवलं. नैवेद्य दाखवला, पंगत बसली, पत्रावळ्या पडल्या, पोरं बादल्या घेऊन आली आणि यानं कढईवर झाकण ठेवलं.

“चव घेतल्याबिगर वाढता येत न्हाई,” तो म्हणाला. हात मागे बांधलेले.

जेलचा नियम असा की जेवण तयार झालं की आधी अधिकारी चाखणार, मग वाटप. चार वर्षांत हे त्याच्या हाडात मुरलेलं. मला ते समजलं, पंगतीला कसं समजावं? कुणीतरी पुटपुटलं, “चाखायला काहून लावून राह्यला? काही घातलं तर न्हाई ना त्यानं?” ते पुटपुटणं रांगेतून पुढे सरकत गेलं. लोकांनी पत्रावळीवरचे हात मागे घेतले. सुमित्राने खांब धरला. त्याला कढईपाशी मीच उभं केलं होतं.

मी पुढे होणार, इतक्यात भगवानराव उठले. सावकाश कढईपाशी आले आणि उजव्या हातात वाटी धरली. डावा तसाच आखडलेला. रामकिसनने पळीने वरण ओतलं तेव्हा निम्मं बाहेर सांडलं. हजार माणसं त्या वाटीकडे बघत होती. भगवानरावांनी घोट घेतला, मग परत एक घेतला.

“मीठ कमी हाय.”

“जी साहेब,” रामकिसन सवयीने बोलून गेला. मीठ टाकलं, ढवळलं, परत वाटी भरली.

“आता बराबर झालं. वाढ.”

सात वर्षांत भगवानराव त्याच्याशी पहिल्यांदाच बोलले होते. बादल्या पळाल्या. भाजी तीनदा मागून घेतली लोकांनी. दुपारची बैठक काही बसलीच नाही, कारण अर्धं गाव मंदिरात आडवं झालं होतं.

निघताना मी भगवानरावांना विचारलं, माफ केलंत का?

“माफबिफ काही न्हाई,” ते म्हणाले. “हात आजबी ठणकतो. पण राहू द्या त्याला. पुढच्या साली आचारी कुठं हुडकू?”

मी संस्थेच्या फॉर्ममध्ये, गावाचं मत या रकान्यात, ‘गावाचा विरोध नाही’ असं लिहिलं. तोच फॉर्म घेऊन दोन महिने मी लोकांना समजावत, मतं विचारत हिंडले होते आणि कुणी धड उत्तर दिलं नव्हतं. आता कुठल्याही गावात होम व्हिजिटला गेले, की फॉर्म जेवणं झाल्यावरच काढते.